दोनशे बारा येईपर्यंत

तीर्थरूप आत्याला तिच्या एकुलत्या एका भाच्याचा दोन्ही हात जोडून, मान खाली घालून (ती का खाली आहे ते पुढे येईलच) नमस्कार.

इकडे सर्व ठीक. म्हणजे माणसं ठीक. तुझ्या गुडघ्याचं कळलं. एका डॉक्टरने रोज चालायला सांगितलं, दुसऱ्याने पाय वर करून बसायला सांगितलं, आणि तो दुसरा डॉक्टर किती हुशार आहे हे तू सगळ्या नातेवाइकांना फोन करकरून सांगते आहेस, असंही कळलं. एरवी मी तुला चार शब्द सुनावले असते. पण गेल्या चार महिन्यांत मी स्वतः जे करून बसलोय ते पाहता कुणाला काही सुनावण्याचा माझा हक्क आता संपला आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मधे बोलतेस. शिवाय हातात पेन असलं की हाताला दुसरा उद्योग सुचत नाही, आणि आज माझ्या हाताला दुसरा उद्योग सुचला तर फार भीती वाटते. न सुचला तर त्याहून जास्त वाटते. (सकाळचे सव्वानऊ. बाजार उघडला. एकशे एकतीस.)

हा आकडा कसला, ते सांगायला मला खोलीपासून सुरुवात करावी लागेल. आमची कामाची खोली तू पाहिली आहेस. पुढे माझं टेबल, त्यावर प्लास्टरचे जबडे, मागे भट्टी आणि पॉलिशचं यंत्र, आणि मधे ते पार्टिशन, ज्याच्यावर तू मागच्या वेळी टेकलीस आणि जे अजून थोडं कललेलंच आहे. एकोणीस वर्षं आम्ही दोघं इथे लोकांचे दात बनवतोय. साचे आणि कवळ्या माझ्याकडे. रंग जुळवायचं काम हिचं, कारण मला सगळे दात पांढरे दिसतात आणि हिला पांढऱ्याचे सोळा प्रकार दिसतात. तर घरमालक आता मुलाकडे कायमचे राहायला चाललेत आणि खोली विकायची आहे. पहिला हक्क तुमचा, म्हणाले. माणूस भला. पण उद्या संध्याकाळी पाचपर्यंत अडीच लाखांचा विसार त्यांच्या हातात पडला नाही, तर खोली मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला जाणार, आणि तो पैसे घेऊन जिन्यात उभाच आहे. (अक्षरशः जिन्यात. परवा आत येऊन आमच्या खिडकीचं माप घेऊन गेला. मी चहा विचारला, म्हणजे बघ.) बाकीच्या रकमेचं बँकेचं कर्ज मंजूर आहे. प्रश्न फक्त या अडीच लाखांचा. आणि ते आहेत, आत्या! आहेत आमच्याकडे! फक्त ते पंपांत आहेत.

पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी आहे. तिचे दोन हजार शेअर मी चार महिन्यांपूर्वी दोनशे बाराला घेतले. आज तो एकशे एकतीसला आलाय. एकशे पंचवीसच्या वर विकले तर अडीच लाख सुटतात आणि खोली आपली. त्याखाली गेला तर खोलीत कव्हरं. विकल्याचे पैसे दुसऱ्या दिवशी मिळतात, म्हणजे आज दुपारी साडेतीनला बाजार बंद व्हायच्या आत विकायलाच हवं. इतकं सरळ आहे हे. मलाही कळतं. गेले दहा दिवस मला हे इतकं कळतंय की झोपेतही कळत असतं. पण बटणाजवळ बोट नेलं की डोळ्यांसमोर दोनशे बारा उभा राहतो आणि रुसलेल्या पाहुण्यासारखा म्हणतो, मला न भेटताच निघालास? आणि बोट मागे येतं. विकलं नाही तोवर नुकसान झालं असं कुठे आहे? ते नुसतं फोनवर दिसतंय. फोनवर काय काहीही दिसतं. (एकशे एकतीस पन्नास! बघ. मी म्हटलं नव्हतं?)

आता तू विचारशील, घेतलेस कशाला. त्यामागे पक्का अभ्यास होता. मला काम देणारे तीन दातांचे डॉक्टर आहेत, तीन वेगवेगळ्या रस्त्यांवर, एकमेकांचं तोंड न बघणारे. एकाच आठवड्यात मी तिघांकडे कवळ्या पोचवायला गेलो आणि तिघंही आपापल्या खुर्चीवरून तेच म्हणाले: पंप. कंपनीत रात्रंदिवस काम चाललंय, मागणी पुरवता येत नाहीये, हा शेअर उडणार. एक डॉक्टर चुकेल, दोन चुकतील, तीन शिकलेली माणसं एकदम कशी चुकतील? मी तिथून निघालो तो थेट घेऊनच थांबलो. त्याच दिवशी दुपारी प्लास्टरच्या पोत्यावर चाळीस कमी करावेत म्हणून मी दुकानदाराशी पाऊण तास घासाघीस केली होती, दोनदा पाठ फिरवून निघून जाण्याचं नाटकही केलं होतं. आणि सव्वाचार लाखांचे पंप घ्यायला मला किती वेळ लागला? समोरचा चहा कोमट होता, तो संपेपर्यंत. (चाळीस मिळाले, बरं का. आठवडाभर मी त्या चाळीसांच्या आनंदात होतो.)

पहिले पंधरा दिवस शेअर दोनशे अठरापर्यंत गेला. ते पंधरा दिवस, आत्या, मी घरात जरा सहन होण्यापलीकडे गेलो होतो असं ही म्हणते. मी बोलताना थांबून लांब बघत असे म्हणे. साडूला फोन करून मी बाजार कसा वाचायचा ते समजावलं. भाजी घेतानाही मला दुकानदाराच्या चेहऱ्यावरून भाव कुठे चालला आहे ते कळायला लागलं. मग तो दोनशे पाचवर आला, आणि मी म्हटलं, श्वास घेतोय. एकशे नव्वदवर आला, तेव्हा मी म्हटलं, उडी मारायच्या आधी माणूस वाकतोच. एकशे सत्तरपासून मी काही म्हणायचं सोडलं आणि वाचायला लागलो. पंपांबद्दल जे छापून येईल ते. सहा जणांनी लिहिलं होतं, विका. ते लोक मला पहिल्यापासून पोकळ वाटले. सातव्या लेखाच्या खाली एका वाचकाने प्रतिक्रिया दिली होती, ‘घाबरू नका मित्रांनो, लवकरच मोठी उसळी.’ काय भाषा, काय आत्मविश्वास! ती मी छापून घेऊन भट्टीवर चिकटवली. (नंतर त्याच गृहस्थाची दुसरीकडे प्रतिक्रिया सापडली. टक्कल जाऊन केस लवकरच येतील असं त्यात होतं, घाबरू नका मित्रांनो. ती मी हिला दाखवली नाही.)

या सगळ्यात मला पंपांविषयी भलतीच माया जडली. रस्त्याने जाताना निळा पंप दिसला की ऊर भरून यायचा. आमचा पंप, असं मी म्हणायला लागलो. पलीकडच्या इमारतीतला एक पंप गळत होता, तिथला रखवालदार त्याला शिव्या देत होता, तर मी रस्ता ओलांडून गेलो आणि पाइपातच दोष असणार हे त्याला पाच मिनिटं पटवून दिलं. तो हो म्हणाला. माझे कपडे ओले झाले ते बघून हो म्हणाला असेल.

(साडेदहा. एकशे एकोणतीस. ही आत कुणाशी तरी हळू आवाजात फोनवर बोलतेय. बहुतेक बहिणीशी, माझ्याचबद्दल. बोलू दे.)

आता ऐक, कारण इथून गोष्ट दुःखाची आहे आणि मला ती आठवली की हसू आवरत नाही. मागच्या महिन्यात एक माणूस आमच्याकडे दाताचा रंग जुळवायला आला. समोरचा दात काढलेला. हिने त्याला खिडकीशी उजेडात बसवलं आणि बोलता बोलता विचारलं, काय करता? तो म्हणाला, पंपांच्या कंपनीत रंगारी आहे. मी जागेवरून उडालो. त्याला चहा, बिस्किटं, पाठीला उशी. मग हळूच विचारलं, रात्रंदिवस काम चालू असेल नाही? तो म्हणाला, विचारू नका साहेब, ठणकता दात घेऊन डबल पाळ्या केल्या. तीन डॉक्टर झाले. पहिला म्हणाला काढा, म्हणून दुसऱ्याकडे गेलो, तोही काढा म्हणाला, म्हणून तिसऱ्याकडे गेलो. आत्या, त्याने तिघांची नावंही सांगितली आणि माझ्या हातातला साचा तिथेच थांबला. तेच तीन डॉक्टर! तिघांच्याही खुर्चीत हाच एक माणूस तोंड उघडून बसला होता, तिघांनाही याने हेच सांगितलं होतं, आणि मी तिघांची मतं वेगवेगळी मोजली होती! तरी मी धीर धरला. म्हटलं, पण मागणी तर आहे ना? तो म्हणाला, मागणी कसली, गळतात म्हणून परत येतायत सगळे, परत आलेले पुन्हा निळे करून ठेवतोय आम्ही. रंग मात्र एक नंबर आहे, म्हणाला.

ही माझ्याकडे बघत होती. आता कुणीही शहाणा माणूस त्याच मिनिटाला काय करेल? शेअर तेव्हा एकशे एकसष्टला होता. मी काय केलं सांगू? रंगारी गेल्यावर मी हिला म्हटलं, रंगाऱ्याला पंपातलं काय कळतं! (याच रंगाऱ्याच्या शब्दावर सव्वाचार लाख घातले होते, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं नाही. हिच्या आलं. तिने पॉलिशचं यंत्र सुरू केलं आणि बराच वेळ रिकामंच चालू ठेवलं.) (एकशे सत्तावीस पंचाहत्तर. आत्या, मी पेन घट्ट धरलंय.)

आता साडूचं. माझे साडू फ्रीज दुरुस्त करतात, सगळे त्यांना बर्फवाले म्हणतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी बिस्किटांच्या एका कंपनीचे शेअर नव्वदला घेतले, ते अडतीसवर येऊन पडलेत. दर वेळी भेटले की म्हणणार, नव्वद आला की विकतो. आणि दर वेळी मी त्यांना समजावणार: अहो, नव्वद काय तुमची वाट बघत थांबलाय? गेलं ते गेलं, उरलंय ते सोडवा. इतकं स्वच्छ, इतकं मुद्देसूद बोलतो मी की माझं मलाच ऐकत राहावंसं वाटतं. तेही मला पंपांबद्दल अगदी हेच सांगतात, तेव्हा मला त्यांच्या बुद्धीची कीव येते. काल रविवारी ते दोघं आमच्याकडे आले होते. जेवताना आमचं हेच चाललेलं, आणि मेव्हणीने ताटावरून मान वर केली आणि म्हणाली, एकमेकांचं इतकं छान कळतं ना तुम्हाला? मग फोन बदला. यांचे तुम्ही विका, तुमचे हे विकतील.

मग आम्ही दोघं हसलो. मग हसत हसतच फोन बदलले, कारण बायका हसत नव्हत्या. रविवारी बाजार बंद, पण सोमवारी उघडताच जो भाव असेल त्याला विका, असा हुकूम आदल्या दिवशी देऊन ठेवता येतो. मी साडूंची बिस्किटं अकरा सेकंदांत विकायला लावली. बोट मागे आलं नाही, काही नाही. उलट छातीत असं मोकळं वाटलं म्हणून सांगू! साडूंनीही डोळे मिटून सुस्कारा टाकला, पाणी प्यायले, आणि मग माझा फोन उचलून अंगठा वर नेला. आणि मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. मला सांगतात ते असं, की मी टेबलावरून वाकून फोन हिसकावला, वाटी उपडी केली आणि न्हाणीघरात शिरून आतून कडी लावली. तुझा भाचा, वय वर्षं एक्कावन्न, बादलीवर बसून होता, फोन पोटाशी धरून, आणि बाहेर साडू दार ठोठावत ओरडत होते, ‘माझी बिस्किटं गेली, आता बाहेर या!’

पाऊण तास गेला. (एकशे अठ्ठावीस पंचवीस. वर! वर येतोय!) मग दाराबाहेर हिचा आवाज आला, अगदी कामाचा, शांत. म्हणाली, न्यायाधीशबाईंची कवळी तिसऱ्यांदा परत आली आहे. आता आमच्या कामाचा नियम तुला माहीत नसेल. कवळी घासून दिली आणि परत आली, ठीक. दुसऱ्यांदा आली, पुन्हा घासायची. तिसऱ्यांदा आली की घासायची नाही, हातोडीने फोडायची आणि नव्याने माप घ्यायचं. मी स्वतः घातलेला नियम आहे हा, आणि एकोणीस वर्षांत मी तो एकदाही मोडलेला नाही. मी आतून ओरडलो, फोड, विचारतेस काय! ही म्हणाली, अकरा दिवस घातलेत तुम्ही हिच्यात. मी म्हटलं, अकरा दिवस गेले ते गेले, कवळीला काय ठाऊक माझे किती दिवस गेले? ती तोंडात बसते की नाही, एवढंच बघायचं.

मग ही म्हणाली, ‘आणि पंपाला ठाऊक आहे वाटतं, तुम्ही कितीला घेतला ते?’

मी म्हटलं, ते वेगळं.

का वेगळं, ते मला काल संध्याकाळपासून सुचलेलं नाही, आत्या. मी बाहेर आलो, साडूंची क्षमा मागितली (ते इतके हलके झाले होते की रागवायचं विसरून गेले, दोनदा वाढून घेतलं), आणि हिला शब्द दिला की सोमवारी मी स्वतः, माझ्या हाताने, विकणार. ही म्हणाली बरं. नुसतं बरं. हिने या खोलीसाठी चार महिन्यांत माझ्यावर एकदाही आवाज चढवलेला नाही, आणि हे जड जातंय मला. खिडकीशी तिची उंच खुर्ची आहे, उत्तरेचा उजेड येतो तिथे, त्याच उजेडात तिला ते सोळा पांढरे दिसतात. दुसऱ्या खोलीत ते दिसतील की नाही, मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही. कव्हरवाल्याला त्या खिडकीला फळ्या ठोकून कव्हरं टांगायची आहेत. मला भीती वाटते, आत्या. खरंच वाटते. तरी बघ, सकाळपासून मी काय करतोय: एकशे एकतीस पन्नास होता तेव्हा म्हटलं बत्तीस होऊ दे, आता म्हणतोय पुन्हा एकतीस पन्नास होऊ दे, मग लगेच विकतो.

असो. तब्येतीला जप, गुडघ्याला ताण देऊ नकोस (किंवा दे, तुझा तू डॉक्टर निवड), आणि आशीर्वाद असू दे.

तुझा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. आज्ञाधारक लिहिलं ते उगीच नाही. खरं काम हे आहे. तू मला एक पत्र लिही. ‘पंप ताबडतोब विकून टाक, ही माझी आज्ञा आहे,’ एवढंच, तुझ्या त्या दरडावणाऱ्या अक्षरात. आणि त्यावर तारीख मागच्या आठवड्याची घाल. म्हणजे मी जे विकणार ते तुझ्या शब्दासाठी विकलं असं होईल. पुढे तो दोनशे बारा झाला तर जन्मभर तुझ्या नावाने बोटं मोडता येतील, आणि माझ्या जिवाला घोर राहणार नाही. एवढं कर. लहानपणी माझ्यासाठी तू याहून मोठं खोटं बोलली आहेस.

ता. क. दुसरा. तुझं पत्र यायला आठवडा लागेल आणि बाजार बंद व्हायला अर्धा तास आहे, हे आत्ता लक्षात आलं. एकशे सव्वीस.

ता. क. तिसरा. एकशे पंचवीस पन्नास. उठलो. मला बटण दाबवणार नाही, आत जाऊन हिला सांगतो, तू दाब.

ता. क. (अक्षर माझं, म्हणजे सुनेचं.) आत्यांना नमस्कार. पत्र टेबलावर उघडंच होतं, वाचलं. खातं माझ्या नावावर आहे, हे यांच्या लक्षातच नाही. यांच्या नावावर पैसा टिकत नाही म्हणून यांनीच तसं उघडलं होतं. सकाळी साडेदहाला एकशे एकोणतीसला मी माझ्या फोनवरून सगळे विकले आणि लगेच घरमालकांना फोन करून विसाराचं नक्की केलं. कव्हरवाल्याला त्यांनी जिन्यातच सांगितलं म्हणे. यांना मुद्दाम बोलले नाही. म्हटलं, एकदा स्वतः तोंडाने म्हणू दे. आत्ता आले, डोळे घट्ट मिटून, घाम फुटलेला, आणि म्हणाले, विकून टाक. मी म्हटलं, विकले. कितीला, विचारलं. एकशे एकोणतीसला, म्हटलं. आत्या, यांनी डोळे उघडले, फोनवरचे एकशे पंचवीस पन्नास बघितले, माझ्याकडे बघितलं आणि मला उचललंच! तेव्हापासून सगळ्या मजल्यांवर सांगत फिरतायत, शेवटच्या क्षणी प्रत्येकी साडेतीनचा फायदा काढला, एकूण सात हजार. दोनशे बाराचं नावही नाही. मी एकदा म्हणणार होते, की अहो, कसला फायदा, एक लाख सहासष्ट हजार गेले. पण चेहरा बघून जीभ रेटली नाही. आणि खरं सांगायचं तर ते इतक्या वेळा म्हणाले, की आता मलाही ते सात हजार कुठून तरी आल्यासारखे वाटायला लागलेत. आत्ताच जाऊन उत्तरेच्या खिडकीला पडदे सांगून आले. फायद्यातले पैसे, म्हणून थोडे भारीतलेच घेतले.